रस्त्याच्या नकाशावर झाड कधी येणार?

कोल्हापुरात रस्त्याचं काम रेंगाळलं की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झाडांची परवानगी अडकलीय." मग झाडं वाचवा म्हणणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. मी सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं अंदाजपत्रकं करण्यात आणि तपासण्यात गेली. त्यामुळं हे ऐकलं की मला खरंच राग येतो. शहरांतल्या झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. परवानगी लागते, तिला वेळ लागतो, हे काम काढणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

प्रत्यक्षात काय घडतं? अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, वर्क ऑर्डर हातात पडते. ठेकेदार जेसीबी आणून उभा करतो आणि तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात येतं की गटारीच्या रेषेत जुने वड आहेत. मग उद्यान विभागाकडं अर्ज, पाहणी, झाडावर नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, लोकांच्या हरकती, झाड तोडायची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणापुढं प्रस्ताव. यातली एकही पायरी फालतू नाही. पण यंत्रं उभी असताना या पायऱ्या चढायला घेतल्या की प्रत्येक आठवडा पैशात मोजावा लागतो. तेवढ्यात वळीव येतो, पाठोपाठ पावसाळा. आपल्याकडं पावसाळ्यात डांबर पडत नाही. म्हणजे काम थेट दिवाळीच्या तोंडावर, मुदतवाढ आणि भाववाढीसकट. अर्धवट खोदलेल्या रस्त्यावरनं शाळेची पोरं चिखल तुडवत जातात ते वेगळंच.

हाच अर्ज अंदाजपत्रकाच्या वेळी केला असता तर? रस्त्याची मोजणी तेव्हा होतच असते. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून विजेचे खांब, चेंबर, कुंपणं सगळं टिपलं जातं. झाड मात्र नकाशावर बहुतेक वेळा नुसता गोल असतो. जात नाही, छातीच्या उंचीवरचा घेर नाही, अंदाजे वय नाही. ही माहिती भरायला एखादा वनस्पतिशास्त्राचा माणूस आणि एक टेप पुरतो.

वय का महत्त्वाचं, तर २०२१ मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली तिनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. रोपं सहा ते आठ फुटांची हवीत आणि पुढं सात वर्षं त्यांची देखभाल व्हायला हवी. साठ वर्षांचा एक वड तोडला की साठ रोपं. तसे दहा तोडले की सहाशे. आता सांगा, रोपांना जागा कुठली? राजारामपुरीत आहे, का मंगळवार पेठेत? शहराबाहेर कुठंतरी खड्डे मारून लावली, तरी सात वर्षं टँकर कोण पाठवणार? हा सगळा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहायचं बंधन आलं, तर गटार चार फूट सरकवणं किती स्वस्त पडतं ते इंजिनिअरला टेबलावरच दिसेल. रस्ता झाडापाशी थोडा वळवता येतो, फूटपाथ बुंध्याला दोन्ही बाजूंनी घेता येतो, कधी झाड दुभाजकात बसतं. पण हे सुचायला नकाशा कच्चा असावा लागतो. निविदा निघाल्यावर कुणी रेष हलवत नाही.

परवानग्या मागं ठेवल्याची किंमत कोल्हापूरनं भोगलेली आहे. पर्यायी शिवाजी पूल आठवा. ब्रह्मपुरी टेकडीचं संरक्षित स्मारक जवळ, त्यामुळं पुरातत्त्व कायद्याची मनाई, आणि अर्धवट पूल वर्षानुवर्षं पंचगंगेवर उभा. वाहतूक जुन्याच पुलावर. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ माणसं गेली. हा विषय झाडांचा नव्हता, पण दुखणं तेच होतं. टेकडी शेकडो वर्षं तिथंच आहे. पूल आखताना ती दिसत नव्हती का? काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचंही तसंच. २०१४ ला काम सुरू झालं, पाणी शहरात आलं २०२३ च्या दिवाळीत. त्यात वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्यांनी किती काळ खाल्ला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

झाडांचा आकडा चुकवला तरी काम परत फिरतं. मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी सर्वोच्च न्यायालयानं ८४ झाडं तोडायचा अर्ज करायची मुभा दिली होती. मेट्रोवाल्यांनी पुढं १७७ झाडांची परवानगी मागितली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं १० लाखांचा दंड ठोठावला. परवानगी मिळाली, पण पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागलीच.

प्रत्येक झाड वाचलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. पोकळ झालेलं, रस्त्यावर कललेलं झाड काढावं लागतं. सीपीआर रुग्णालयाकडं जाणारी ॲम्ब्युलन्स अडकत असेल तर तिथं मी स्वतः तोडण्याच्या बाजूनं उभा राहीन. पण कोणतंही झाड पोकळ का होतं तेही बघा. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हिंग ब्लॉक, वरून केबल आणि पाइपसाठी मुळं कापत गेलेले चर. हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. इथं आपण आधी मुळं तोडतो, मग झाड वादळात पडलं की "धोकादायक होतं" म्हणतो.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता. त्या काळात झाडांच्या प्रस्तावावर प्रभागातून निवडून आलेला माणूस प्रश्न विचारायलाच नव्हता. नगरसेवक गल्लीतल्या रस्त्यासाठी भांडतात, त्याच जोरानं त्यांनी एक मागणी लावून धरावी: झाडांचा तक्ता आणि झाडं दाखवलेला नकाशा जोडल्याशिवाय कुठल्याही रस्त्याला तांत्रिक मंजुरी द्यायची नाही. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

आणि आपल्यासाठी. झाडावर नोटीस दिसली की तारखेसकट फोटो काढा. मुदत थोडी असते, म्हणून हरकत लगेच आणि लेखीच द्या, आवक क्रमांक घ्या. अर्जात नुसतं "झाड तोडू नका" लिहून भागत नाही. रस्त्याचा मंजूर नकाशा मागा, आणि दुसरी कोणती आखणी तपासली ते विचारा. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय. कुणाला हवा असेल त्यांनी मेसेज करा, लगेच पाठवतो.