गांजाचं कार्ड आणि तो फॉरवर्ड

परवा एकच मेसेज तीन ग्रुपांवर येऊन पडला. मजकूर असा: 'कॅलिफोर्नियात काउंटी सरकारंच गांजा ओढायचे परवाने वाटतात. डॉक्टरनं प्रिस्क्रिप्शन दिलं की कार्ड मिळतं आणि मग पोलीस हात लावत नाहीत. कार्ड नसेल तर थेट तुरुंग. केंद्राचा कायदा धाब्यावर बसवून स्थानिक सरकारांनी हे आपणहून सुरू केलंय.' (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा.) यातलं कार्ड तेवढं खरं.

आधी 'परवाना' बघू. हा शब्द आपल्या डोक्यात दारूच्या परमिटवरून येतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परमिट नसताना पिणं आजही कागदोपत्री गुन्हा आहे. तिथे परमिट हीच परवानगी. कॅलिफोर्नियात क्रम उलटा आहे. रुग्णांना डॉक्टरच्या शिफारशीवर गांजा वापरायची मुभा नोव्हेंबर १९९६च्या सार्वमतानं, 'प्रपोझिशन २१५'नं मिळाली. कार्डाचा कायदा आला २००३ साली आणि लागू झाला २००४पासून. त्यातही स्पष्ट लिहिलंय की कार्ड ऐच्छिक आहे. ते काढलं नाही म्हणून १९९६चं संरक्षण जात नाही.

मग कार्ड कशाला? रस्त्यात पोलिसानं अडवलं तर तिथल्या तिथे उलगडा व्हावा म्हणून. कार्ड नसलेल्या रुग्णाला तेव्हा अटक होऊ शकायची, मग आपली बाजू त्यानं कोर्टात मांडायची. कार्ड असेल आणि माल मर्यादेत असेल, तर कार्ड बनावट असल्याचा संशय वगैरे नसताना राज्याच्या कायद्याखाली अटक करायची नाही. ही मर्यादा मूळ कायद्यात ८ औंस सुका गांजा आणि ६ वाढलेली किंवा १२ कोवळी झाडं अशी होती. कार्डावर फोटो, क्रमांक, मुदत आणि काउंटीच्या आरोग्य खात्याचं नाव असतं. रुग्णाचं नाव नसतं! पोलीस क्रमांक तपासतो, कार्ड खरं की खोटं एवढंच त्याला कळतं.

प्रिस्क्रिप्शनचं म्हणाल, तर कार्डाच्या कायद्यात ते नाहीच. केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत गांजा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक गटात होता आणि त्यातल्या वस्तूचं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. म्हणून डॉक्टर फक्त 'शिफारस' करतो. ती केल्याबद्दल केंद्रानं डॉक्टरांचा औषधं लिहून द्यायचा परवाना काढून घेऊ नये, असं केंद्राच्याच अपील न्यायालयानं २००२ साली बजावलं.

सगळ्यात गमतीचं वाक्य 'आपणहून सुरू केलं' हे. सॅन फ्रान्सिस्कोनं २००० साली स्वतःची कार्डं काढली होती, तेवढं कबूल. पण बाकीच्या काउंट्यांवर राज्याच्या कायद्यानंच हे काम टाकलं. २००५ साली सुरुवात झाली ती अमाडोर, डेल नॉर्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या चार लहान काउंट्यांत. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'गॉन्झालेस विरुद्ध रायच' खटल्यात सांगितलं, की राज्यानं मुभा दिली तरी केंद्र रुग्णांवर कारवाई करू शकतं. राज्याचं आरोग्य खातं एवढं धास्तावलं की जुलैत त्यानं कार्डं देणंच थांबवलं. आपल्या कर्मचाऱ्यांवरच गुन्हा आला तर? राज्याच्या ॲटर्नी जनरलचा, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाचा, सल्ला आल्यावर काम पुन्हा सुरू झालं.

सॅन डिएगो काउंटी मात्र अडून बसली. २००६ साली तिनं राज्यालाच कोर्टात खेचलं, सॅन बर्नार्डिनोही सोबत. युक्तिवाद फॉरवर्डवाल्यांचाच: कार्ड देणं म्हणजे केंद्राचा कायदा मोडणं. काउंटी हरली. जुलै २००८मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं म्हटलं, की कार्ड केंद्राच्या कायद्यापासून कुणाला वाचवत नाही आणि काउंटीला तो मोडायलाही लावत नाही. राज्यानं आपल्या पोलिसांकरवी कुणाला अटक करवावी हा राज्याचा प्रश्न. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दखल घेतली नाही, मे २००९मध्ये देशाच्याही नाही. मग सॅन डिएगोला कार्डं द्यावीच लागली. करदात्यांचा पैसा तीन वर्षं वकिलांवर गेला, तोही कार्डं न देण्यासाठी.

राहिलं 'पोलीस हात लावत नाहीत'. राज्याचे पोलीस, हो, मर्यादेत. केंद्राचे मात्र लावू शकतात. सॅन होजे किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरा नीट वाचावं. २०१६च्या 'प्रपोझिशन ६४'नंतर २१ किंवा त्याहून जास्त वयाच्यांना कार्डाशिवायच गांजा घेता येतो. कार्डाचा मोठा फायदा उरला तो विक्रीकर वाचण्याचा, आणि त्यासाठी काउंटी १०० डॉलरपर्यंत शुल्क घेऊ शकते. पण नागरिकत्वाच्या अर्जाचा कागद केंद्राचा असतो. राज्यात कायदेशीर असला तरी गांजा बाळगणं अर्जदाराच्या 'सद्वर्तना'ला बाधक ठरू शकतं, असं तिथल्या इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९मध्ये लेखी जाहीर केलं. एच-वन किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यानं कर वाचवायला हे कार्ड काढायचं ठरवलंच, तर आधी इमिग्रेशन वकिलाची फी भरलेली बरी.