श्रीमंत बापाचा पाइप

"काका, ते भोक आम्ही बुजवलं बरं का. एम-सील लावून."

नाटकाचं सामान, म्हणजे प्रॉपर्टी, सांभाळणाऱ्या पोराने हे मला चहाचा कप देता देता सांगितलं. तो चहा मी प्यायलो. का प्यायलो, याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात एक श्रीमंत बाप आहे. मराठी रंगभूमीवर श्रीमंत बापाला गाऊन, जिना आणि तंबाखू ओढायचा पाइप एवढं लागतंच. (हार्ट अटॅकही लागतो, पण तो दुसऱ्या अंकात येतो.) गाऊन भाड्याने आणला, जिना मागच्या नाटकातला होता आणि पाइपसाठी दिग्दर्शक माझ्याकडे आले. मला लाकूडकामाची हौस आहे. हौस म्हटली की पैशांचा विषय निघत नाही.

पाइपची वाटी आणि दांडी बाहेरून कोणीही तासेल. खरी परीक्षा आत. लाकूड ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती आचेला सहसा दाद देत नाही. ठोकळा मी इटलीहून मागवला, पदरच्या पैशाने. त्यात दांडीच्या बाजूने चार मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि ते वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध निघायला हवं. जरा वर निघालं की तळाची तंबाखू जळत नाही, ओली होऊन बसते.

तोंडात धरायचा तुकडा एबोनाइटचा. रबरात भरपूर गंधक घालून ते कडक करतात. १८५१ साली नेल्सन गुडइयरने याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे हाताने फाउंटन पेनं करणारे लोक अजून आहेत, म्हणून त्याची कांडी मिळते. कानस लावली की गंधकाचा असा वास सुटतो की समोरच्या वहिनींनी सिलिंडर बंद केला आणि दार उघडून आमच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

या तुकड्यातलं गोल भोक ओठांकडे येता येता चपटं करत न्यायचं. उंची घटवायची, रुंदी वाढवायची, पण हवेला वाट तेवढीच ठेवायची. मध्येच कुठे आवळली किंवा सांध्यात पोकळी राहिली, की धूर तिथे घुटमळतो, गार होतो, पाणी सुटतं आणि पाइप गुरगुरायला लागतो. दातांत धरायच्या जागी अख्खी जाडीच चारेक मिलिमीटर, आणि वाट त्यातूनच काढायची. बारीक कानशीने हे करताना मी श्वास रोखून बसायचो आणि नेमकी तेव्हाच बेल वाजायची.

त्यात दिग्दर्शकांना पाइप वाकडा हवा होता, "डिटेक्टिव्हसारखा". बाप साखर कारखान्याचा चेअरमन आहे. असो. एबोनाइटच्या तुकड्यात पाइप साफ करायची लोकरी तार घालून, गरम हवेने शेकून तो वाकवला. तार नसेल तर वाट आतल्या आत चेपते. तीच तार नंतर ओठांपासून वाटीपर्यंत न अडखळता गेली. स्टेजवर कोणी ओढणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण वाट नसलेला पाइप म्हणजे वाकडी पळी.

बापाचं काम करणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. तालमीत ते मला म्हणाले, "तुमचा पाइप शिट्टी मारतो."

"शक्यच नाही."

"मी 'संपत्ती' म्हटलं की वाजतो."

"'संपत्ती' म्हणता तेव्हा पाइप कुठे असतो?"

"हातात."

"मग हातातला पाइप कसा वाजेल?"

"तेच तुम्हाला विचारतोय. केलाय कोणी?"

मी पाइप टेबलावर ठेवायला लावला आणि म्हटलं, आता बोला. ते बोलले, "संपत्ती, सत्ता, संस्कार!" शिट्टी तिन्ही वेळा वाजली, शेवटची जरा लांबली.

"बघा," ते विजयी मुद्रेने म्हणाले, "टेबलावरूनसुद्धा वाजतो!"

गृहस्थांनी नुकतीच नवी कवळी बसवली आहे, हे तालमीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाट्यगृहाचं डिपॉझिट त्यांनीच भरलंय, हेही माहीत होतं. दिग्दर्शक पंख्याकडे बघू लागले. नायिकेला फोन आला.

"त्यातून हवा जाते ना?" गृहस्थ म्हणाले.

"जाते."

"मग झालं तर!"

"अहो, ती जायलाच हवी."

"नाटकात कशाला जायला हवी?"

याला उत्तर असेल तर मला कळवा.

दुसऱ्या दिवशी एम-सील. ते आत दगडासारखं बसलंय. काढायचं तर पुन्हा ड्रिल घालावं लागेल आणि चपटी केलेली वाट खरवडली जाईल. गाऊनला साधी पिन लावायची होती तर भाडेवाल्याला फोन करून विचारलं. माझ्या पाइपला हात लावताना कोणाला फोन सापडला नाही. जाहिरातीत गाऊनवाल्याचे आभार आहेत, चहावाल्याचेही आहेत. नाटक चाललंय. 'संपत्ती'ला शिट्टी अजून वाजते आणि तिचा दोष आता माइकवाल्यावर आहे.

परवा दिग्दर्शकांचा फोन आला. पुढच्या नाटकात आजोबांना काठी हवी आहे.

"फक्त एक करा," ते म्हणाले, "भरीव करा. वाजायला नको."