गेटवर आता नोकरी नसते, मामा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला सात ग्रुपवर आला. आधी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, मग गावच्या यात्रा कमिटीच्या, आणि परवा आमच्या घरच्या ग्रुपवर, तोही मामांकडून. मामा पिंपरीतल्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्याच घरी राहून मी आयटीआय केलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला माझ्याकडे वजन आहे. मजकूर थोडक्यात असा:

"आजची पोरं पंख्याखाली बसून मोबाइलवर शंभर अर्ज करतात आणि नोकऱ्या नाहीत म्हणून रडतात. आमच्या वेळी डबा घेऊन कंपनीच्या गेटवर उभं राहायचो, साहेबाच्या हातात अर्ज द्यायचो आणि आठवड्यात कामाला लागायचो. ऑनलाइन अर्ज कोणी वाचत नाही. समोर गेलं की माणूस कळतो. फसवणूक होते ती ऑनलाइनमध्ये, गेटवर नाही. मुलांनो, मोबाइल ठेवा, चपला घाला."

मी सोळा वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे आणि त्यातली नऊ वर्षं प्लेसमेंटही बघतो. हा मजकूर वाचून एका वडिलांनी मुलाचा मोबाइलच काढून घेतला. ऐन शिकाऊ उमेदवारीची (अप्रेंटिसशिपची) नोंदणी चालू असताना. ज्या नंबरवर ओटीपी येणार, तो नंबर आठ दिवस कपाटात बंद. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितो आहे.

"आमच्या वेळी गेटवर उभं राहिलं की नोकरी मिळायची."

मामा, तुम्ही १९७८ साली जुन्नरहून आलात ती गोष्ट मी तुमच्याच तोंडून कितीदा ऐकली आहे. तुमचे चुलतभाऊ आधीपासून पेंट शॉपमध्ये होते. त्यांनी फोरमनच्या कानावर घातलं, फोरमन म्हणाला, "घेऊन या पोराला." त्यानंतर तुम्ही गेटवर गेलात. म्हणजे तुम्ही गेटवर पोचलात तेव्हा अर्धं काम आत झालेलं होतं. शिवाय सेवायोजन कार्यालयाचं, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं, कार्ड होतंच, ते मामींनी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कारखान्यांनीही रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवायच्या, असा १९५९ चा कायदा होता. नोंदणी, नंबर, कॉल लेटर. ऑनलाइन नोंदणीचं कागदी रूप ते हेच.

आणि काळही तसा होता. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखान्यामागून कारखाने उभे राहत होते आणि त्यांना माणसं हवी होती. तरीही ज्यांचं आत कोणी नव्हतं अशी किती मुलं परत गावाला गेली, हे तुम्हीच मला सांगितलंय. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेट, हेही तुमच्याच पिढीने भोगलं. परत गेलेल्यांची गोष्ट या मजकुरात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतं.

"साहेबाच्या हातात अर्ज द्या."

आज गेटवर साहेब नसतो. मी हे ऐकीव सांगत नाही. २०२२ च्या मे महिन्यात अकरा मुलांना घेऊन मी स्वतः चाकणच्या कारखान्यांकडे गेलो होतो. मलाही तेव्हा वाटत होतं की मास्तर बरोबर असला तर कोणीतरी बाहेर येऊन बोलेल. सकाळी आठला पहिलं गेट. केबिनमधला सिक्युरिटीवाला भला माणूस, बीडकडचा. म्हणाला, "सर, मी एजन्सीचा. मला आत कुणाचा फोन नंबरपण देत नाहीत." बायोडाटा मात्र त्याने घेतले. टेबलाखाली एक खोका होता, त्यात टाकले.

दुपारी चार वाजता त्याच रस्त्याने परत येताना आम्ही पाणी प्यायला तिथे थांबलो. टेबलावर पाठकोऱ्या कागदावर आत गेलेल्या गाड्यांचे नंबर लिहिले होते. कागद ओळखीचा वाटला म्हणून उलटून पाहिला, तर माझ्याच एका विद्यार्थ्याचा बायोडाटा. वर डाव्या कोपऱ्यात त्याचा पासपोर्ट फोटो, निळा शर्ट, बहुतेक मित्राचा. त्या मुलाने तो कागद पाहिला आणि काही बोलला नाही. मीही बोललो नाही. त्या दिवसाचा एसटी, चहा, वडापाव धरून अकरा जणांचा खर्च दोन हजारांवर गेला. त्यातल्या चौघांच्या घरी तो दिवसाच्या मजुरीतून आला होता.

त्या सिक्युरिटीवाल्याचा मला राग आला नाही. त्याला कागद हवा होता आणि त्या बायोडाटांचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मोठ्या कारखान्यात आज लाइनवरची बरीचशी माणसं कॉन्ट्रॅक्टरच्या पटावर असतात, गेटवरची एजन्सीच्या पटावर, आणि भरतीचा निर्णय घेणारी बाई किंवा माणूस कधी पुण्यात, कधी गुरगावात बसलेला असतो. गेटमधून आत गेलो तरी ज्याला भेटायचं तो तिथे नाही.

मुलींचा तर या मजकुरात विचारच नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझ्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलींना चाकणला जाणं परवडतं. पण तीन-तीन तास रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या रांगेत, बाथरूमची सोय नसताना एकटीने उभं राहायचं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

"समोर गेलं की माणूस कळतो."

समोर दहा जण असले तर कळतो. १६ जुलै २०२४ ला मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या लोडरच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा २,२१६. आलेल्या मुलांचा बातम्यांमधला आकडा २५,००० पर्यंत जातो. रात्री प्रवास करून आलेली, उपाशी, तासन्तास उभी. चेंगराचेंगरीची वेळ आली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की बायोडाटा ठेवा आणि घरी जा. त्याच महिन्यात गुजरातमध्ये अंकलेश्वरच्या एका हॉटेलात दहाएक जागांसाठी शेकडो मुलं लोटली आणि रॅम्पचं रेलिंग तुटलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ही सगळी मुलं चपला घालून, घराबाहेर पडूनच तिथे पोचली होती. त्यांच्यातली जिद्द कोणी पाहिली? शेवटी हाती काय आलं, तर बायोडाटा टाकायचा खोका. तो खोका घरून भरता आला असता.

"ऑनलाइन अर्ज कोणी वाचत नाही."

यात खरं आहे ते आधी मान्य करतो. एका जागेवर शेकडो अर्ज येतात आणि बरेचसे उघडलेही जात नाहीत. पण का उघडत नाहीत, ते मी माझ्या मुलांच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. बहुतेक वेळा गडबड आपल्या बाजूला निघाली, आणि ती दुरुस्त होण्यासारखी होती.

गेल्या वर्षी एका मुलीने चाळीस ठिकाणी अर्ज केले, एकही फोन नाही. प्रोफाइल उघडलं. शिक्षण: "आयटीआय". कोणता ट्रेड, लिहिलेलंच नाही. कौशल्ये: "प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर". आता पॅनल वायरिंगसाठी माणूस शोधणारा "प्रामाणिक" हा शब्द टाकून शोधत नाही. तो "इलेक्ट्रिशियन" शोधतो, "कंट्रोल पॅनल" शोधतो. ईमेल सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडे. मोबाइल नंबर भावाचा, आणि भाऊ दिवसभर गोठ्यात, जिथे रेंज नाही. दोन कंपन्यांचे मेल त्या ईमेलमध्ये येऊन पडले होते, एक तीन आठवड्यांपूर्वीचा.

आम्ही दोघांनी बसून एक तास घातला. ट्रेड लिहिला. मल्टीमीटर, मेगर, वायरिंगचं ड्रॉइंग वाचणं, कॉन्टॅक्टर-रिले बदलणं, जे तिला खरंच येतं ते लिहिलं. तिचा स्वतःचा नंबर टाकला. दहा-बारा दिवसांत तिला फोन आला. एका मुलीवरून मी नियम मांडत नाही. पण गेटवरच्या खोक्यात तिचा कागद पडला असता, तर काय चुकलं हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ऑनलाइन अर्जाची तारीख राहते, पोच राहते, चूक शोधून सुधारता येते. मास्तर म्हणून मला तेच लागतं.

दुसरं म्हणजे, काही ठिकाणी हाताने दिलेला अर्ज हा अर्जच धरत नाहीत. तलाठी भरतीचं घ्या. २०२३ ला ४,६४४ जागा निघाल्या आणि दहा लाखांवर अर्ज आले, सगळे ऑनलाइन. कलेक्टर कचेरीत कागद नेऊन देणाऱ्याला शिपाईही परत पाठवेल. शिकाऊ उमेदवारीचंही तसंच. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, पण तो करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. नोंद नाही तर वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही तर तिथेच अडतं, आणि ते जुळवायला महिना जातो. त्या वडिलांनी मोबाइल कपाटात ठेवला तो नेमका याच महिन्यात.

"फसवणूक होते ती ऑनलाइनमध्ये, गेटवर नाही."

ऑनलाइन फसवणूक होते, भरपूर होते. टेलिग्रामवरचे "टास्क", "रजिस्ट्रेशन फी भरा, लेटर मिळेल", हे मी दर बॅचला पहिल्याच दिवशी सांगतो. पण समोर बसलेला माणूस फसवत नाही, हे कोणी सांगितलं? २०२२ च्या डिसेंबरमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण आठवा. तामिळनाडूतल्या २८ तरुणांना रेल्वेत लावतो म्हणून लाखो रुपये घेतले आणि "ट्रेनिंग" म्हणून त्यांना नवी दिल्ली स्टेशनवर उभं केलं. रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायचे. महिनाभर ती मुलं गाड्या मोजत होती. सगळं प्रत्यक्ष, माणसांच्या तोंडावर विश्वास ठेवून.

आमच्याकडे हेच लहान प्रमाणात होतं. गेटच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी भेटतो, "माझी आत ओळख आहे" म्हणतो, गेट पासचे पाचशे, सेफ्टी शूजचे हजार, मेडिकलचे आणखी काही, रोख. दुसऱ्या दिवशी फोन बंद. माझे तीन विद्यार्थी यात गेलेत. पोलिसांत काय सांगणार? पावती नाही, नाव खोटं. मोबाइलवर पैसे गेले असते तर निदान व्यवहाराचा नंबर असता आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन लावता आला असता. नोकरीसाठी पैसे मागितले की उठायचं, मग मागणारा टपरीवर असो की स्क्रीनवर.

एका ठिकाणी मात्र मामांचं मी शंभर टक्के ऐकतो, आणि मुलांनाही तिकडे पाठवतो. भोसरीतली लहान वर्कशॉप्स. आठ-दहा माणसं, मालक स्वतः लेथवर उभा. त्याला पोर्टलवर जाहिरात टाकायला वेळ नाही, "माणूस पाहिजे" अशी पाटी शटरला खडूने लिहिलेली असते. तिथे चालतच जायचं. गुरुवारी नाही, त्या दिवशी तिकडे सुट्टी असते. सकाळी नऊच्या आत जायचं, मालक सेटिंगला लागायच्या आधी. बायोडाटा तो बघतही नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, हातात देतो, "वाच" म्हणतो. नाहीतर रॉडचा तुकडा देतो आणि म्हणतो, "एवढा पार्ट काढून दाखव." तिथे खरोखर समोर गेल्यावर माणूस कळतो, कारण समोर मशीन आहे आणि निर्णय घेणाराही तिथेच उभा आहे. गॅरेज, लहान हॉस्पिटल, दुकान, हॉटेल, इथेही तेच. गेल्या बॅचची माझी पाच टर्नर मुलं अशीच लागली.

माझा वाद चालत जाण्याशी नाही. चार तास प्रवास करून जिथे निर्णय घेणारा माणूसच नाही अशा दारात मुलाला उभं करायचं, आणि संध्याकाळी तो रिकाम्या हाताने आला की त्यालाच आळशी म्हणायचं, याच्याशी आहे. कुठल्या दारात चालत जायचं आणि कुठे मोबाइलवरून, हे त्याला सांगणं आपलं काम आहे, मामा. तुमच्या चुलतभावांनी तुम्हाला तेच सांगितलं होतं.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग आपल्या ओंकारचं काय करू? दोन महिने झाले, घरीच आहे." ओंकार त्यांचा नातू, यंदाच फिटर झालेला. मी म्हटलं, रविवारी दोघं या. आधार कार्ड, दहावीचं आणि आयटीआयचं मार्कशीट, बँकेचं पासबुक आणा. आणि त्याचा मोबाइल आणा, त्याच्याच नावाचं सिम, रिचार्ज मारलेलं. आधी त्याची नावं जुळतात का बघू, मग पोर्टलवर नोंदणी करू. सोमवारी सकाळी साडेआठला मी त्याला माझ्या गाडीवर भोसरीला नेतो. व्हर्नियर त्याला शनिवारी घरी वाचायला बसवा, तुमचा जुना आहे ना अजून.