भगतसिंग थिंद यांना अमेरिकेने नागरिकत्व ‘बहाल’ केले नव्हते

गेल्या आठवड्यात आत्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली लिहिले की, नातीला शाळेतल्या भाषणासाठी हाच पाठ करायला दिला आहे. सातवीतली मुलगी हे सर्वांसमोर म्हणणार, म्हणून मला गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा आहे: पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातर्फे फ्रान्सच्या खंदकांत लढले, त्या शौर्याबद्दल अमेरिकेने कृतज्ञतेने त्यांना नागरिकत्व बहाल केले, पुढे सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकून त्यांनी तिथल्या सगळ्या भारतीयांना समान हक्क मिळवून दिले.

फ्रान्सचा मुद्दा लगेच निकालात निघतो. थिंद २२ जुलै १९१८ रोजी सैन्यात दाखल झाले, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस येथे होते, ८ नोव्हेंबरला हंगामी सार्जंट झाले आणि तिसऱ्या दिवशी युद्ध थांबले. यात त्यांना काडीचाही कमीपणा नाही. ऑरेगनमधल्या लाकडाच्या गिरणीत राबलेला, पगडी न उतरवणारा शीख तरुण परमुलखातल्या सैन्यात जातो आणि चार महिन्यांच्या आत बढती मिळवतो, हे कर्तृत्व पुरेसे आहे. त्याला खोटे खंदक जोडण्याची गरज नाही.

मला खरा राग आहे तो ‘कृतज्ञतेने’ या शब्दाचा. ९ डिसेंबर १९१८ रोजी थिंद यांना नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा त्यांच्या अंगावर अमेरिकी सैन्याचा गणवेश होता. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिक होता येत असे. अवघ्या चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, थिंद ‘गोरे’ नाहीत या कारणावरून नागरिकत्व काढून घेण्यात आले. सैन्यातून त्यांना सन्मानाने निरोप मिळाला तो १६ डिसेंबरला, आणि कागदावर वर्तणुकीचा शेरा होता ‘उत्कृष्ट’. म्हणजे ज्या सरकारने त्यांना नाकारले, त्याच सरकारचे ते त्या दिवशी शिपाई होते. ज्या आठवड्यात हे घडले, त्याच आठवड्याला आपण कृतज्ञतेचा आठवडा म्हणून मुलांना शिकवायचे काय?

त्यांनी ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला, १९२० मध्ये पुन्हा नागरिकत्व मिळाले, आणि सरकारने त्याविरुद्ध अपील केले. तोच हा सर्वोच्च न्यायालयातला खटला. तो ते जिंकले नाहीत, हरले. १९ फेब्रुवारी १९२३ चा निकाल आजही कुणालाही वाचता येतो आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. त्यात न्यायालयापुढचा प्रश्नच असा मांडला आहे की, अमृतसरला जन्मलेला, उच्च जातीचा, पूर्ण भारतीय रक्ताचा ‘हिंदू’ हा गोरा मनुष्य ठरतो काय. थिंद शीख होते, हेसुद्धा त्या प्रश्नात उरलेले नाही. स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल लिहिला: वंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्याच न्यायालयाने तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला, गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’, असे सांगून परत पाठवले होते. त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांनाही ‘कॉकेशियन’ वंशात मोजत; थिंद यांच्या वकिलांनी नेमका तोच आधार घेतला, तर कसोटीच बदलली गेली.

‘सगळ्या भारतीयांसाठी’ हे वाक्य तर मुलीच्या तोंडी मुळीच नको. थिंद यांच्या बाजूने वर्णभेदाचा कायदा अन्याय्य आहे असा युक्तिवाद झालाच नाही. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, खालच्या जातींशी आपला बेटीव्यवहार नाही, म्हणून आम्हाला गोऱ्यांत मोजा, असा तो होता. त्या काळी दुसरा दरवाजा उघडा नव्हता, हे मान्य. पण तो युक्तिवाद समतेचा नव्हता. निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांतले एक, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगाई, यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली आणि नागरिकत्व हिरावल्याची व्यथा मागे ठेवलेल्या पत्रात लिहिली. थिंद यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशीच कारवाई झाली. ते मात्र स्वतःचा खटला जिंकले.

मजकुरात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सैन्यसेवेच्या आधारावर थिंद यांना नागरिकत्व अखेर मिळाले. मात्र त्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकी संसदेला पहिल्या महायुद्धातल्या आशियाई सैनिकांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले. पंचविशीत भरती झालेला माणूस तोवर चाळिशी ओलांडून गेला होता. बाकी भारतीयांना ती वाट मोकळी झाली ती १९४६ च्या कायद्याने, या खटल्याने नव्हे.

आत्या, भाषण रद्द करू नकोस. तिला ९ डिसेंबर आणि १३ डिसेंबर या दोन तारखा पाठ करायला दे. मधले चार दिवस ती स्वतःच विचारेल.