‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ म्हणे!

हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. मजकूर साधारण असा: ओला-सुका वेगळा करायचा खटाटोप सोडा, गाडीत सगळं एकत्रच ओततात. प्लास्टिकचं रिसायकलिंग म्हणजे थोतांड, जगात जेमतेम 9 टक्के होतं. वेगळं करणं हे कचरावेचकांचं काम, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. आणि फारच काळजी वाटत असेल तर विरघळणाऱ्या पिशव्या घ्या, नाहीतर जाळून मोकळे व्हा. खाली हात जोडलेले.

लिहिणाऱ्याची हातोटी चांगली आहे. प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून तर लोक पुढे ढकलतात.

गाडीपासून सुरुवात करू. काही ठिकाणी एकत्र ओततात, हे खरं आहे. पण पुण्यात निदान बऱ्याच भागांत तुमची बादली थेट गाडीत जातच नाही. ती दारातून घेतात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे कचरावेचकांच्याच मालकीची ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून दारोदार काम करू लागली. ढकलगाडी भरली की मावशी कोपऱ्यावर पोतं अंथरतात. पुठ्ठा इकडे, पाण्याच्या बाटल्या तिकडे, दुधाच्या पिशव्या तिसऱ्या ढिगात. विकण्याजोगं सगळं भंगाराच्या दुकानात जातं आणि उरलेलं गाडीत. आपल्याला खिडकीतून दिसते ती फक्त गाडी.

आणि जिथे वेगवेगळा दिलेला कचरा खरोखरच एकत्र केला जातो, तिथे चूक कोणाची? वर्गीकरण केलेला कचरा वेगळाच न्यायचा, ही जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली. गाडीच्या नंबरसकट फोटो काढा, आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार द्या, नगरसेवकाला जाब विचारा. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून कोणी सिग्नल तोडायची परवानगी मागत नाही. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट: इमारतीतून मिश्र कचराच जात असेल, तर तक्रार करायला तोंड कुठलं?

आता ते 9 टक्के. आकडा बनावट नाही. 2015 पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी साधारण तेवढ्याचंच रिसायकलिंग झालं, असा अंदाज 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता. पण ही सगळ्या प्रकारांची, सगळ्या देशांची आणि कित्येक दशकांची मिळून सरासरी आहे. तिच्यावरून तुमच्या हातातल्या बाटलीचं भविष्य सांगता येत नाही.

ती बाटली कुठे जाते ते पाहा. पाण्याची पारदर्शक बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. कारखान्यात दोन्हीचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणाचे तुकडे तरंगतात, बाटलीचे बुडतात, झालं वेगळं. घोळ होतो तो काही बाटल्यांवर घट्ट बसवलेल्या पीव्हीसी या तिसऱ्याच प्लास्टिकच्या वेष्टनाचा. तेही पेटबरोबर बुडतं आणि पेट वितळायच्या आतच करपायला लागतं, म्हणजे अख्ख्या घाण्याचा रंग बिघडतो. स्वच्छ चुऱ्यापासून पॉलिस्टरचा धागा होतो, उशीतला कापूस होतो. दुधाच्या पिशवीचा पुन्हा दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल होतो, पण दूध तसंच राहिलं तर ती आंबते, चिकटते आणि ढिगातून बाहेर फेकली जाते. कात्रीने उडवलेला तिचा तो चिमुकला कोपरा तर कोणाच्याच हाताला लागत नाही. म्हणून चीर द्यायची, कोपरा पिशवीलाच लटकत ठेवायचा आणि पिशवी विसळून वाळवायची. यात थोतांड काय आहे?

चिप्सच्या पाकिटाचं मात्र मेसेजवाल्याला देऊन टाकतो. त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणं परवडत नाही, भंगारवाला त्याला हात लावत नाही, फार तर ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. शाम्पूच्या पुडीचंही तेच. इथे आपण कितीही धुतलं-वाळवलं तरी उपयोग नाही. ती कमी विकत घ्यायची आणि बनवणाऱ्याला धरायचं. पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने 2022 च्या फेब्रुवारीत काढली आहेत. इतक्या लांबलचक मेसेजमध्ये कंपन्यांचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही, हे मला जरा गमतीचं वाटलं.

कचरावेचकांच्या पोटाची काळजी वाचून तर हसावं की रडावं कळेना. त्यांची कमाई घरटी शुल्कावर आणि भंगाराच्या विक्रीवर. खरकटं लागलेलं, ओलं प्लास्टिक दुकानदार पाडून मागतो. म्हणजे वेगळा दिलेला सुका कचरा त्यांच्या पदरात चार पैसे जास्तच टाकतो. आणि मिश्र डब्यात हात कोणाचा जातो? त्यात वापरलेले डायपर असतात, पॅड असतात, फुटलेली काच असते. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही मोहीम याच बायकांच्या संस्थेने चालवली. आमच्यासाठी कचरा एकत्रच ठेवा, असं त्यांनी कधी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

जाळण्याबद्दल थोडक्यात. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि हरित लवादाने 2016 च्या डिसेंबरात त्यासाठी 5,000 रुपयांचा दंड सांगितला. ढिगात पीव्हीसी असेल तर धुरात डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं येतात. शेकोटीशेजारी बसणाऱ्या वॉचमनला हे आधी सांगा.

राहिल्या विरघळणाऱ्या पिशव्या. खरोखर कंपोस्ट होणारी पिशवीसुद्धा मोठ्या प्रकल्पात, साठ अंशांच्या आसपास टिकून राहणाऱ्या उष्णतेत कुजते. गच्चीवरच्या ड्रममध्ये किंवा नाल्यात ती बराच काळ तशीच राहते. ती चुकून साध्या पिशव्यांच्या ढिगात गेली तर त्यांचा दाणाही बिघडवते. दुकानदार ‘कापडी’ म्हणून देतो ती न विणलेली पिशवीही बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. जुन्या चादरीची शिवून घ्या. शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यांत दोन सहज निघतात.

हा मेसेज पुन्हा आला तर सोसायटीच्या सचिवांना एवढंच विचारा: आपला प्लॉट 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठा आहे का? 2016 च्या नियमांनी अशा सोसायट्यांना वर्गीकरण सक्तीचं केलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तो आवारात जिरला की गाडीत सुक्यावर ओतायला ओलं उरतंच किती?