बाई, मग मी मागितलेलं कुठं गेलं?

शनिवारपासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. लांब होईल.

शनिवारी रात्री आमच्या शाळेच्या पटांगणात आकाशदर्शन ठेवलं होतं. अमावास्या नुकतीच सरलेली, डिसेंबरची कोरडी थंडी, आभाळात ढगाचा ठिपका नाही. तिकडं कास-महाबळेश्वर पावसात चिंब भिजत असतं तेव्हा आमच्या माण तालुक्यात धूळ उडत असते, हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पावसानं आमच्या कैक पिढ्यांना रडवलं. पण आभाळ दिलं. तेवढं एक आमच्याकडं भरपूर होतं.

तीसेक पोरं आली होती. कुणाची आई, कुणाची आजी, सतरंज्या, गोधड्या, कुणीतरी भाजलेल्या शेंगांची पिशवी आणलेली. माझी सहा इंची दुर्बीण मधोमध. अंधार पडल्यावर पोरांना वहीत दोन रकाने करायला सांगितले, एक 'तुटलेल्या', म्हणजे उल्का, एक 'चालत्या', म्हणजे उपग्रह. सात ते आठ नुसतं आडवं पडून मोजायचं. तासाभरात तुटलेल्या दोन. चालत्या सत्तावीस.

तिसरीतली एक पोरगी माझ्या शेजारीच पडली होती. तिचा बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत. दिवाळीलाही येणं झालं नाही त्याचं. ही दर वेळी डोळे घट्ट मिटायची, ओठ हलायचे, मग डोळे उघडायचे. माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. तारा तुटला की मागायचं असतं, ते ती मागत होती. प्रत्येक चालत्या ठिपक्याकडं बघून. शेवटी सहावीतला एक पोरगा म्हणाला, "अगं येडे, ती तुटल्याली न्हाय, ती नेटवाली हाय." ती उठून बसली आणि मला विचारलं, "बाई, मग मी मागितलेलं कुठं गेलं?"

मला बोलायलाच सुचेना. माझ्याकडची बॅटरी, पतंगाचा लाल कागद चिकटवलेली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ही धर, आता पोरांना वह्या दाखवायला तू उजेड द्यायचास. पळाले मी त्या प्रश्नापासून, दुसरं काय.

त्यानंतर पोरांना देवयानी दाखवली, आपल्या शेजारची दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा पुंजका. डिसेंबरात संध्याकाळी ती चांगली वर असते. पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड, पृथ्वीवर आपल्यासारखी माणसंही नव्हती तेव्हाचा. पोरगं भिंगाला डोळा लावतं, आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू तो धुरकट कापसाचा पुंजका दिसायला लागतो आणि त्याचा श्वास थांबतो. तो क्षण बघायला मी एवढी वर्षं ही दुर्बीण गावोगाव वाहतेय. शनिवारी पहिलाच पोरगा, श्वास थांबलाय, आणि एकदम ओरडला, "बाई, रेघ गेली!" दुसऱ्याला पण रेघ, चालत्यांचीच. पाचवीतल्या एकाला तर रेघच आवडली, देवयानी नाही. घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल त्यानं? रेघ दिसली म्हणून.

रविवारी देवयानीचा फोटो टाकला, मुद्दाम रेघांसकट. आज सकाळी त्यावर नात्यातल्याच एकाची कमेंट आली. "ताई, जग कुठं चाललंय आणि तू दोन चांदण्या गेल्या म्हणून रडतेस. खेड्यात नेट येतंय ते बघ." खाली हसणारी तोंडं.

तर ऐक दादा, आता सगळंच सांगते.

एप्रिल १९८४. मी नऊ वर्षांची. आम्ही माळवदावर झोपायचो, मी आणि आजी, एका घोंगडीवर. राकेश शर्मा अंतराळात गेल्याचं रेडिओवर ऐकलेलं, शाळेत गुरुजींनी सांगितलेलं. एका रात्री एक चांदणी चालत निघाली. पश्चिमेकडून सरळ वर, लुकलुकणं नाही, आवाज नाही. मी आजीला हलवून उठवलं, "आजी, राकेश शर्मा चाललाय." आजी उठून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि बघत राहिली. म्हणाली, "एवढ्या वर लेकराला थंडी वाजत आसंल गं." आणि अर्धं आभाळ ओलांडून ती चांदणी पूर्वेकडं जाता जाता विझली. एकदम नाही, लाल होत होत. आजी घाबरली. "विझला की गं!" रात्रभर झोपली नाही. सकाळी मला गुरुजींकडं पिटाळलं, लेकरू बरं हाय का इचारून ये म्हणून.

गुरुजींनी वर्गातली दारं-खिडक्या लावल्या, कंदील पेटवला, हातात एक लिंबू घेतलं आणि लिंबाभोवती मोहरीचा दाणा फिरवला. "ह्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा पडतो तोवर दिसतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की दिसत नाही. आहे तिथंच आहे." पळत घरी आले आणि आजीला सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली.

माझं सगळं आकाश त्या लिंबापासून सुरू झालंय. म्हणून मला कुणी उपग्रहांची वैरीण म्हणू नका. पुढं त्या अख्ख्या उन्हाळ्यात आम्ही दोघी दुसऱ्या चालत्या चांदणीची वाट बघायचो. कधी आठ-आठ दिवस दिसायची नाही, आणि दिसली की आजी शेजारच्या माळवदावर हाक मारायची. तीच चालती चांदणी आज पोरं कंटाळून मोजतायत.

मे २०१९ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं एकाच रॉकेटमधून साठ उपग्रह सोडले. त्याआधी, स्पुटनिक या पहिल्या उपग्रहापासून म्हणजे १९५७ पासून सगळ्या जगानं मिळून जे सोडले त्यांतले चालू असलेले होते दोन हजारांच्या आसपास. आज चालू असलेलेच दहा हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त त्या एका कंपनीचे. आपला टीव्हीचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर एका जागी बसून अख्खा देश बघतो, डोळ्याला दिसतही नाही. हे बसलेत पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर. तिथून जमिनीचा छोटासा तुकडा दिसतो, म्हणून हजारो लागतात. आणि एकदा सोडले की झालं असंही नाही. एकेकाचं आयुष्य पाचेक वर्षांचं, मग वातावरणात जाळायचे आणि नवे सोडायचे. हे संपणारं नाहीच.

नेट नको असं मी म्हणाले का कुठं? कोयनेच्या पलीकडं कांदाटी खोऱ्यात रेंजसाठी माणसं डोंगर चढतात, तिथं आभाळातून नेट आलं तर मलाही बरंच वाटेल. वादळाची खबर उपग्रहच देतात, तेही कबूल. आपल्या श्रीहरिकोट्याहून ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये परदेशी कंपनीचे छत्तीस-छत्तीस गेले तेव्हा टीव्हीसमोर मीच टाळ्या वाजवल्या होत्या. ते तर बाराशे किलोमीटरवर. जितकं उंच तितकं रात्री उशिरापर्यंत ऊन लागतं, हे मला त्या लिंबावरून कळायला हवं होतं. टाळ्या वाजवताना आठवलं नाही.

आता कुणीतरी म्हणणारच की बाई, तुमच्या गावच्या हायमास्टनं याहून जास्त आभाळ खाल्लंय. खाल्लंय. साताऱ्यात तर पोवई नाक्यावर उभं राहून चार चांदण्या दिसल्या तरी नशीब. पण हायमास्टचं मी काय केलं? शनिवारी दुपारी सरपंचांना फोन केला, "दोन तास बंद ठेवाल का, पोरांना चांदण्या दाखवायच्यात." ते म्हणाले, "बाई, तीन तास ठेवतो." सात वाजता दिवा गेला आणि पोरांनी जो आवाज केला तो अजून कानात आहे. खालच्या दिव्याचं बटण आमच्या गावात आहे. वरच्याचं कुणाकडं आहे? मी कुणाला फोन करू? मला, माझ्या पोरांना, माणातल्या मेंढरामागच्या धनगराला कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्या डोक्यावर हे लावतोय, चालेल का? १९६७ च्या करारात लिहून ठेवलंय म्हणे, अंतराळ साऱ्या मानवजातीचं. आमची गावं मानवजातीत येत नसावीत!

आपल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. लडाखात हानले आहे. छान आहे, अभिमान आहे. पण त्यांनी फक्त खालचे दिवे झाकलेत. वरून रेघा तिथंही जातातच.

आणि आता तर रात्री आरशानं ऊन पाडायचं म्हणून एका कंपनीनं अमेरिकेत परवानगी मागितलीय. आरसे वर लावायचे आणि पैसे घेऊन रात्री उजेड विकायचा. हे वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. खोटं सांगत नाही. रात्रसुद्धा विकायला काढली.

जरा थांबून चहा घेतला. राग कमी झाला असं नाही, पण बोट नीट चालतंय.

फोटोतल्या रेघा सॉफ्टवेअरनं काढता येतात, हे सांगायला तीन जण इनबॉक्समध्ये आलेत. येतात काढता. मी वीस-पंचवीस फोटो एकावर एक चढवते, रेघ एखाद्यातच असते, ती गळते. पण त्या पोराच्या डोळ्यात कुठलं सॉफ्टवेअर घालू? आणि चिलीतली ती व्हेरा रुबिन वेधशाळा, ८.४ मीटरचा आरसा, त्यांच्या फोटोंतही या रेघा येतायत. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ यावर बोलतायत. म्हणजे हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही.

सगळ्यात जास्त मला दुखतं ते संध्याकाळ आणि पहाटेचं. धूमकेतू सूर्याजवळ आला की तेजाळतो, म्हणून तो दिसतो तिन्हीसांजेला नाहीतर उजाडायच्या आधी. १९९७ चा हेल-बॉप आम्ही कितीतरी दिवस नुसत्या डोळ्यांनी बघितला, आजीनंही. 'शेंडे नक्षत्र' म्हणाली आणि हात जोडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळचा धूमकेतू आला होता, तेव्हा मी मळ्यात एकटी उभी होते. तिन्हीसांजेलाच उपग्रहांवर ऊन पडतं. खाली अंधार, वर उजेड. त्याच वेळेला, त्याच पश्चिमेला. शेपटीवरून एक गेला, मागून दुसरा गेला. आजी असती तर तिनं कुणाला थंडी वाजते म्हणून काळजी केली असती? त्यांच्यात कुणी नाहीच.

आजी घड्याळ वापरायची नाही. तिकांडं, म्हणजे मृगातल्या ओळीतल्या तीन चांदण्या, डोक्यावर आलं, शुक्राची चांदणी वर आली, की पाण्याची पाळी धरायला उठायची वेळ. शिकलेली नव्हती, पण कुठलं नक्षत्र कुठल्या महिन्यात कुठं ते मला अजून तिच्याच बोटानं आठवतं. आमच्या पोरांना घरात कुणी दाखवणारं उरलेलं नाही, म्हणून मी दाखवते. आणि दाखवायला गेले की मध्ये रेघ.

दादा, तुझ्यावर राग नाही. तू लहानपणी आमच्याच माळवदावर झोपला आहेस. ये एकदा. सुट्टीचं बघ आणि ये.

त्या पोरीचं राहिलं. आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. ऑफिसातली खिडकी लावली, मोबाईलची बॅटरी लावली आणि डब्यातलं लिंबू काढलं. मोहरी नव्हती, तांदळाचा दाणा घेतला. तिनं स्वतःच फिरवला. दाणा सावलीत गेला तशी म्हणाली, "विझला." मी म्हटलं, "हो. थंडीत नऊ वाजले की हे बहुतेक सगळे असे सावलीत जातात. त्यानंतर जी चालताना दिसेल आणि क्षणात जाईल, ती आपली."

पुढच्या अमावास्येला पुन्हा पटांगणात. सरपंचांना सांगितलंय. सतरंजी, घोंगडी ज्याची त्यानं आणायची. बाकीच्यांनी सातला या, तिला जेवून नऊनंतर बोलावलंय.