कँटरबरीतली 'पुरी' आणि बर्मिंगहॅमचं 'धाम'

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की इंग्लंडातली कँटरबरी, सॅलिसबरी ही गावं मुळात आपल्या 'पुरी' आहेत आणि बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम म्हणजे 'धाम'. ऐकायला मस्त वाटतं पण तसं नाहीये हो.

'बरी' आलंय जुन्या इंग्रजीतल्या 'बुर्ह'वरून, म्हणजे तटबंदीची जागा, कोटच म्हणा. जर्मन 'बुर्ग' त्याचाच भाऊ. कँटरबरी म्हणजे केंटच्या (इंग्लंडातल्या त्याच भागाचं नाव) लोकांचा कोट. आणि संस्कृत 'प' इंग्रजीत सहसा 'फ' होऊन भेटतो, पितृ-फादर, पाद-फुट, त्यामुळे 'पुर'चा सख्खा शब्द तिकडे असता तर तो 'फ'ने सुरू झाला असता, 'ब'ने नाही. गंमत म्हणजे 'बुर्ग'चं नातं जोडायचंच तर भाषाशास्त्रवाले आपल्या 'बृहत्'शी जोडतात!

'हॅम' म्हणजे घर, वस्ती, 'होम' त्यातलाच (काही गावांत नदीच्या वळणातली जमीन असाही अर्थ आहे). बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्मा नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती. नॉटिंगहॅम तर 1086 च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली गावं-जमिनींची नोंदवही) चक्क 'स्नॉटिंगेहॅम' आहे, स्नॉट नावाच्या माणसावरून, पुढे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांच्या बोलण्यात सुरुवातीचा 'स' गळाला, गाववाले सुटले बिचारे, कारण आजच्या इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड.

आणि ब्रॅडबरी वगैरे आडनावं? गावावरून पडलेली, आपल्या पुणेकर-सातारकरांसारखी, त्यात कुठलीही पुरी नाही.